खोली नंबर चौदाचा हात

वैद्यकशास्त्राची प्रगती रुग्णावाचून होत नाही, आणि रुग्ण बरा झाला की तो रुग्ण राहत नाही. या दोन सत्यांमुळे शास्त्रापुढे जी अडचण उभी राहते, तिच्यावर आमच्या भोईवाड्यातल्या चाळीत जो तोडगा निघाला, त्याची कुठेतरी नोंद असावी म्हणून हे लिहीत आहे. मी कोर्टात बत्तीस वर्षे कारकुनी केली. जे घडले ते घडले त्या क्रमाने लिहायचे आणि स्वतःचे मत कंसात ठेवायचे, एवढेच मला येते.

मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाची मुले आमच्याकडे संशोधनासाठी येतात. (महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही. ते वापरायचे तर तीन प्रतींत अर्ज करावा लागतो, आणि माझ्याकडे कार्बन पेपर संपला आहे.) चाळ त्यांना सोयीची पडते. चार मजले, अठ्ठ्याऐंशी खोल्या, दिवसभर उघडी दारे, आणि विचारले त्यापेक्षा जास्त सांगणारी माणसे. टॉवरमध्ये संशोधन करायचे तर आधी वॉचमनची परवानगी लागते.

गेल्या पाच वर्षांत आमच्या तीनशे बारा रहिवाशांची एकोणीस सर्वेक्षणे झाली. शौचालयाच्या रांगेत उभे राहिल्याने रक्तदाब वाढतो का. जिने चढणाऱ्यांचे गुडघे लवकर झिजतात की उशिरा. दहा दिवस आरत्या म्हटल्यावर अकराव्या दिवशी आवाज बसतो का. (बसतो.) तळमजल्यावरचे कै. दगडू तांबे दोन अभ्यासांत ‘पुढील भेटीस अनुपस्थित’ आहेत, आणि एकात त्यांची प्रकृती स्थिर आहे.

सुरुवातीला लोक खरे बोलत. पुढे त्यांच्या लक्षात आले की खरे बोलल्याने मुलांचे चेहरे पडतात. मग प्रश्नावली हातात घेण्याआधीच बायका विचारू लागल्या, की बाळा, या वेळी हो पाहिजे की नाही. एका रविवारी दोन गट एकदम आले. एकाला चहाने झोप उडते असे सिद्ध करायचे होते, दुसऱ्याला उडत नाही असे. चाळ कमिटीने तातडीची बैठक घेऊन जिन्याच्या उजवीकडच्या खोल्या एका गटाला आणि डावीकडच्या दुसऱ्याला दिल्या. दोन्ही निबंध छापून आले.

या सर्व कामी समन्वयक म्हणून माझी नेमणूक झाली, कारण नोंदवही माझ्याकडे होती.

आता ध्रुवविषयी. हा दादरचा, हिंदू कॉलनीतला, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. मुलगा सज्जन. चपला बाहेर काढतो, पाणी पूर्ण पिऊन ग्लास परत देतो. त्याला अमेरिकेत जाऊन त्वचारोगतज्ज्ञ व्हायचे होते. त्याने मला समजावले ते असे, की तिथे त्वचेच्या जागा थोड्या आणि अर्ज फार. पूर्वी एका परीक्षेचे गुण पाहत, आता त्या परीक्षेत नुसते पास की नापास एवढेच कळवतात. निवडणाऱ्यांना मोजायला काहीतरी हवे, म्हणून ते शोधनिबंध मोजतात. वाचतात का, असे मी विचारले. तो म्हणाला, की काका, हजार अर्जांचे वीस-वीस निबंध कोण वाचणार. मला हे पटले. मीही बत्तीस वर्षे जोडपत्रे मोजलीच होती.

ध्रुवच्या नावावर तेव्हा तीन नोंदी होत्या, त्यातली एक कॉलेजच्या वार्षिकांकातली. त्याच्या अंदाजाने वीस लागणार होत्या, आणि हातात चौदा महिने होते. त्याची झोप गेली होती. (चहाचा संबंध नाही.)

अशा वेळी त्याला सुभद्राबाई भेटल्या.

सुभद्राबाई तिसऱ्या मजल्यावर, खोली नंबर चौदामध्ये राहतात. त्यांच्या सासूने गिरणीतल्या माणसांची खाणावळ चालवली. गिरण्या गेल्या आणि त्या जागी टॉवर आले, तेव्हा सुभद्राबाईंनी त्याच परातीत टॉवरमधल्या लोकांसाठी कणीक मळायला घेतली. एकतीस घरांना पोळ्या आणि सोबत लसणाची चटणी. नवरा वारला, मुलगी सीमा बारावीला, घर त्या पोळ्यांवर चालते. त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना भेगा पडून कातडी सोलत होती, आणि कणकेत मीठ घातले की डोळ्यांतून पाणी यायचे. ध्रुव रक्तदाबाच्या सर्वेक्षणासाठी दारात आला, तेव्हा त्यांनी त्याला एवढेच विचारले, की यावर कुठले मलम लावू.

ध्रुवने बोटे वर्तमानपत्रावर ठेवायला लावून जवळून फोटो काढला. त्या फोटोकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मुलगी पसंत पडलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरही मी तसा आनंद पाहिलेला नाही.

“काकू, आत्ता मलम नका लावू,” तो म्हणाला. “बेसलाइन बिघडेल. एक महिना फक्त बघू या.”

बेसलाइन म्हणजे काय ते सुभद्राबाईंना कळले नाही. पण आपल्यामुळे कोणाचे काही बिघडू नये, असे त्यांना वाटले.

अडचण संख्येची होती. एका हाताचे ओढून ताणून किती निबंध होणार. यावरचा उपाय सुभद्राबाईंनीच दिला, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो, कारण छापील मजकुरात त्यांना ते श्रेय कुठेही मिळालेले नाही. ध्रुव दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यांच्या खोलीत बायकांची भिशी चालली होती. हे काय आहे, असे त्याने विचारले. दहा जणींनी दर महिन्याला घालायचे, एकीने उचलायचे, दहा महिन्यांत सगळ्यांची पाळी येते, असे त्यांनी सांगितले. ध्रुवच्या हातातला पोळीचा घास हातातच राहिला.

पुढच्या आठवड्यात त्याच्या वर्गात शोधनिबंधांची भिशी सुरू झाली. दहा विद्यार्थी. दर महिन्याला एकाने निबंध लिहायचा, आणि त्यावर नावे दहाही जणांची घालायची. दहा महिन्यांनी एकाचे काम आणि दहा जणांचे नाव असे दहा निबंध प्रत्येकाच्या पदरात. (आमच्या बायकांच्या भिशीत जेवढे घातले तेवढेच परत मिळते. विज्ञान पुढे गेले आहे ते असे.)

सुभद्राबाईंचा हात हा या भिशीतला ध्रुवचा हप्ता. त्यावर एकूण चौदा लेखक झाले. दहा विद्यार्थी, त्यांचे दोन सर, तेराव्या क्रमांकावर मी, आणि सर्वांत शेवटी विभागप्रमुख. विभागप्रमुखांचे नाव शेवटी असते, कारण मोठा माणूस सभेलाही सगळे बसल्यावरच येतो. कोणी काय केले हे निबंधाखाली छापावे लागते, तेही छापले. ध्रुव: संकल्पना, छायाचित्र आणि लेखन. इतर बारा: अंतिम मसुद्यास मान्यता. मी: क्षेत्रीय नोंदी.

क्षेत्रीय नोंदींचे काम जबाबदारीचे होते. दर महिन्याच्या पाच तारखेला ध्रुव फोन करून हाताची स्थिती विचारायचा. त्याला स्वतःला वर यायला वेळ नव्हता, कारण निबंध लिहायचे होते. मी तळमजल्यावर राहतो आणि माझे गुडघे झिजलेले आहेत (गुडघ्यांचा अभ्यास पाहावा). म्हणून मी जिन्यात सीमाला विचारायचो, की आईचा हात कसा आहे. ती म्हणायची, तसाच आहे. मी नोंदवहीत लिहायचो, ‘जैसे थे’. कोर्टातून निवृत्त झाल्यावर हा शब्द पुन्हा वापरायला मिळेल असे वाटले नव्हते.

दहा महिन्यांत त्या हातावर चार निबंध आणि परिषदेत लावायचे एक पोस्टर झाले. शिवाय पहिल्या निबंधावर तीव्र आक्षेप घेणारे संपादकांना एक पत्र, आणि त्या पत्राला ध्रुवने दिलेले सडेतोड उत्तर. आक्षेप घेणारा चौथ्या क्रमांकाचा लेखक होता. दोन्ही पत्रे त्यांनी एकाच बाकावर बसून लिहिली, आणि दोन्ही दोघांच्याही नावावर मोजली गेली.

मध्यंतरी भेगांतून रक्त येऊ लागले. शेजारणींनी सुभद्राबाईंना नाक्यावरच्या डॉक्टरकडे जायला सांगितले. त्यांनी नकार दिला. “चवदा डाक्टर बघतत,” त्या म्हणाल्या, “आणखी पंधराव्याकडे खंय जाऊ?”

आम्ही चौदाही जण त्यांच्या या विश्वासास पात्र होतो, एवढेच नोंदवतो.

हाताचा चौथा निबंध एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात स्वीकारला गेला. ही बातमी मी लवूला सांगितली, आणि ती माझी चूक झाली. लवू आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. आमच्या नाक्यावर दहावी पास झालेल्यांचा, वाढदिवस असलेल्यांचा आणि एकदा चोरीला जाऊन परत मिळालेल्या मोटरसायकलचासुद्धा फ्लेक्स लागलेला आहे. चाळीचा हात आंतरराष्ट्रीय होतो आणि त्याचा फ्लेक्स लागत नाही, हे लवूला सहन होणे शक्य नव्हते.

निबंधात गोपनीयता काटेकोर पाळलेली होती. त्यात सुभद्राबाई म्हणजे ‘मध्य मुंबईतील एकोणपन्नास वर्षांची एक स्त्री’. फ्लेक्सवर मजकूर होता: ‘हार्दिक अभिनंदन. आमच्या चाळीची शान, पोळीवाल्या सुभद्राताई, खोली नं. १४, यांच्या हाताची जागतिक पातळीवर दखल.’ मधोमध दहा फूट रुंद फोटो. एका कडेला शुभेच्छुक म्हणून चौदा चेहरे, पैकी माझा शिधापत्रिकेवरचा. बोटे शुभेच्छुकांकडे वळलेली दिसावीत म्हणून लवूने फोटो आरशातल्यासारखा उलटा करून घेतला. दहा फुटांवर गेल्यावर एकेक भेग गटारीएवढी दिसत होती, आणि लवूने रंग जरा उठावदार केले होते.

फ्लेक्स सोमवारी लागला. सुभद्राबाईंच्या एकतीस घरांपैकी अठ्ठावीस घरांतली माणसे रोज त्या नाक्यावरून जातात.

शुक्रवारपर्यंत चार घरे उरली. खरे कारण कोणी सांगितले नाही. एका बाईंनी महिनाभर गावाला जात असल्याचे कळवले, आणि संध्याकाळी त्या भाजी घेताना दिसल्या. दुसऱ्या घरात अचानक सगळ्यांनी गहू सोडला. उरलेल्या चारांत दोन घरांचा रस्ता वेगळा होता, एकातले म्हातारे जोडपे कधी बाहेर पडत नाही, आणि चौथे घर संघमित्राचे (तिच्याविषयी पुढे).

शनिवारी मी गुडघे विसरून तिसऱ्या मजल्यावर गेलो. सकाळचे अकरा वाजले होते. या वेळेला त्या खोलीत तव्याचा धूर असतो आणि दारात डबे लागलेले असतात. त्या दिवशी परात भिंतीला पालथी टेकवलेली होती आणि सुभद्राबाई तिच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. सीमाच्या क्लासचा पुढचा हप्ता थांबवावा लागेल, असे त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटले. हे माझे मत आहे, ते कंसात ठेवायला हवे होते, पण राहू द्या.

त्याच संध्याकाळी संघमित्रा आली. ती समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते आणि एका दवाखान्यात बावीस वर्षे नर्स आहे. तिच्या पोळ्या सीमा नेऊन देते, त्यामुळे तिने सुभद्राबाईंचा हात कधी पाहिला नव्हता. तिने तो पाहिला बसच्या खिडकीतून. (फ्लेक्सवरून झालेले हे बहुधा पहिलेच निदान असावे. यावर निबंध लिहिलेला नाही.)

“मावशी, लसूण किती सोलता रोज?” तिने विचारले.

“पाव किलो. सणासुदीक अर्धो.”

“ज्या बोटांत धरता, त्याच बोटांना झालंय. लसूण लागतोय तुम्हाला. उद्यापासून मोजे घालून सोला, नाहीतर सीमाला द्या. आणि सोमवारी माझ्याबरोबर चला, आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू.”

या सर्वाला चार मिनिटे लागली. मी तिला विचारले, की याला संदर्भ काय. ती म्हणाली, की काका, मी हात बघितला. संघमित्राच्या नावावर एकही शोधनिबंध नाही, त्यामुळे मला हे उत्तर अपुरे वाटले. सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तेच सांगून एक मलम लिहून दिले. (त्यांच्याही नावावर निबंध नाही, असे चौकशीअंती समजले. सकाळी साठ रुग्ण असतात.)

अठराव्या दिवशी हात बरा झाला.

ही गोष्ट ध्रुवला कळवण्याची जबाबदारी माझी होती. ती मी पार पाडली नाही, कारण पाच तारीख यायची होती. त्याआधीच तो स्वतः आला. भिशीतले नऊ, हाताचे सात आणि आधीचे तीन, असे एकोणीस झाले होते. विसावा निबंध लिहून तयार होता, ‘दीर्घकालीन निरीक्षण’. त्याला फक्त शेवटचा फोटो आणि सुभद्राबाईंची संमतीची सही हवी होती. अर्जाची मुदत चार दिवसांत संपणार होती. पेढ्यांचा बॉक्स घेऊन तो धापा टाकत तिसरा मजला चढला, आणि मागून मी.

सुभद्राबाई पाटावर बसल्या होत्या. ध्रुवला पाहून त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. त्याने फॉर्म पुढे केला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवले.

“चवदा जणांनी लिवल्यानी,” त्या म्हणाल्या. “तू त्यात पयलो मां?”

“हो काकू.”

“मगे सांग. खंयचो हात?”

ध्रुव हसला. मग त्याचे हसू गेले. त्याने खिशातला फोन काढायला हात घातला, पण सुभद्राबाईंनी नुसती मान हलवली आणि त्याने तो तसाच ठेवला. त्याने डोळे मिटले. फोटो त्याच्या डोळ्यांसमोर होता हे दिसत होते. तीन बोटे, भेगा, खालच्या वर्तमानपत्रातली सोन्याची जाहिरातसुद्धा. हात दिसत नसावा. त्याने माझ्याकडे पाहिले. मी समन्वयक. मी म्हणालो, नोंदवहीत पाहून सांगतो.

“उजवा,” ध्रुव म्हणाला.

सुभद्राबाईंनी पदराखालून दोन्ही हात काढले आणि त्याच्यासमोर धरले. दोन्ही स्वच्छ होते. अंगठे, बोटे, कुठे एक ओरखडा नाही. ध्रुव एकदा या हाताकडे, एकदा त्या हाताकडे पाहत राहिला. बरोबर की चूक, हे त्याला कळायला काही मार्ग उरला नव्हता. त्याचे कान लाल झाले. मग त्याने ते हात आपल्या हातात घेतले आणि खिडकीकडे वळवून एकेक बोट पाहिले. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच. मला तो मुलगा आवडतो तो यासाठी.

“कोणी बरा केला?” त्याने विचारले.

संघमित्राचे नाव आणि लसणाची हकिगत ऐकून त्याने ते नाव फॉर्मच्या मागे लिहून घेतले. सही मी करतंय, असे सुभद्राबाई म्हणाल्या, पण त्याआधी तो समोरचा लसूण सोल. ध्रुवने मांडी घालून पाव किलो लसूण सोलला. सीमाने मोजे दिले नाहीत. तासाभराने तो बोटांवर फुंकर घालू लागला आणि काकू, चुरचुरतंय, लावायला काही आहे का, असे त्याने विचारले.

“आत्ता नको,” सुभद्राबाई म्हणाल्या. “एक म्हयनो बघूया.”

मग त्यांनी सही केली.

यापुढचे थोडक्यात. ध्रुवला विसाव्या निबंधावर संघमित्राचे नाव पहिले घालायचे होते. भिशीतल्या इतर नऊ जणांनी हरकत घेतली, कारण क्रम आधीच ठरलेला होता आणि एकाला सूट दिली तर भिशी मोडते. तिचे नाव शेवटी आभारात आले, ‘तांत्रिक साहाय्याबद्दल’. तिला मी छापील प्रत नेऊन दिली. तिने ती रॉकेलच्या डब्याखाली घातली, डबा डुगडुगत होता. ध्रुवला अमेरिकेत जागा मिळाली. मुलाखतीत त्याला हाताबद्दल विचारतील म्हणून तो आठवडाभर तयारी करून बसला होता. त्यांनी आकडा वाचून दाखवला, छान म्हणाले, आणि मुंबईत पाऊस किती पडतो ते विचारले.

फ्लेक्स आमच्याकडे उतरवत नाहीत, त्यावर दुसरा लावतात. महिन्याभराने एका पुतण्याचा वाढदिवस आला आणि हात झाकला गेला. त्यानंतर एकोणीस घरे परत आली. गावाला गेलेल्या बाईही आल्या. सीमाचा क्लास चालू आहे. लसूण ती सोलते, मोजे घालून.

आता शेवटची औपचारिकता. ध्रुवचे उत्तर बरोबर होते की चूक, हे मी घरी येऊन नोंदवहीत पाहिले. पाहीपर्यंत मलाही आठवत नव्हते, आणि तेराव्या क्रमांकाचा लेखक मी आहे. तुम्हाला मात्र मी ते सुरुवातीलाच स्पष्ट शब्दांत सांगितले होते. तुम्ही त्या हाताची हकिगत अथपासून इतिपर्यंत वाचली. सुभद्राबाईंसाठी जरा हळहळलाही असाल, ध्रुवला हसलाही असाल. तर मागचे न चाळता सांगा, हात कोणता होता?

ज्यांना मागे जाऊन पाहावे लागेल त्यांनी संकोच करू नये. आपले पूर्ण नाव, जसे छापायला हवे तसे, माझ्याकडे पाठवावे. या निबंधावर सहलेखकांच्या बऱ्याच जागा अजून रिकाम्या आहेत.